मुंबई हायची रॉयल्टी महाराष्ट्राला का मिळत नाही?

उरणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल आणि वायू आमच्या दारात उतरतात, प्रकल्पासाठी जमिनी आमच्या गेल्या, मासेमारी आमची आखडली. आसाम, गुजरात, राजस्थान यांना त्यांच्या तेलावर रॉयल्टी मिळते, मग महाराष्ट्राला का नाही? आणि मुळात ही रॉयल्टी ठरवतं कोण, मोजतात कशी?

माझी नोकरी तेल उत्खननाच्या हिशेबात गेली, त्यातला बराच काळ रॉयल्टीचे तक्ते भरण्यात आणि त्यावरच्या हरकतींना उत्तरं देण्यात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. पण मुख्य गोष्ट आधीच सांगतो. मुंबई हायच्या तेलावर महाराष्ट्राला रॉयल्टीचा एक रुपयाही मिळत नाही. आज आहे त्या राज्यघटनेत न्यायालयात जाऊन तो मिळवताही येणार नाही. मिळायचा असेल तर तो संसदेतून, राजकीय तडजोडीने. आणि त्या दिवशी नुसती टक्केवारी मागितली तर फसवणूक होण्याची शक्यता मोठी, कारण या धंद्यात खरा पैसा टक्क्यापेक्षा किमतीच्या व्याख्येत दडलेला असतो.

रॉयल्टी म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा खंड. पीक बरं आलं की वाईट, कुळाला फायदा झाला की तोटा, याच्याशी मालकाला देणंघेणं नसतं. विहिरीतून जेवढं तेल निघालं, त्याच्या किमतीचा ठरलेला हिस्सा मालकाला द्यायचा. म्हणून पहिला प्रश्न येतो तो मालक कोण याचा, आणि महाराष्ट्राचं घोडं तिथेच अडतं.

जमिनीखालच्या तेलाचं मालकपण राज्याकडे असतं. राज्याच्या जमिनीवरचा उत्खननाचा पट्टा राज्य सरकार देतं. त्याला केंद्राची पूर्वसंमती लागते, पण सही राज्याची असते आणि रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. समुद्राखालच्या तेलाची गोष्ट वेगळी. घटनेचा अनुच्छेद २९७ सांगतो की समुद्राखालची जमीन, खनिजं आणि मोलाच्या इतर वस्तू संघराज्याच्या मालकीच्या आहेत आणि त्या संघराज्याच्याच कामासाठी वापरायच्या आहेत. मूळ घटनेत हे प्रादेशिक समुद्रापुरतं होतं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरतं. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने त्यात समुद्रबूड जमीन आली, म्हणजे किनाऱ्यापासून पुढे पसरलेला उथळ समुद्रतळ. १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्रही आलं.

मुंबई हाय मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर आहे. 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथे तेल शोधलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. चाळिसावी दुरुस्तीही त्याच महिन्यातली. तारखा शेजारी ठेवल्या की शंका येते खरी, की तेल लागल्यावर दिल्लीने कायदा बदलून घेतला. तसं नाही. मुंबई हाय उथळ समुद्रात, समुद्रबूड जमिनीवर आहे आणि ती जमीन १९६३ पासूनच केंद्राची होती. तेव्हा तिथे तेल आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तेल किनाऱ्यापासून अगदी पाच मैलांवर सापडलं असतं तरी निकाल हाच लागला असता, कारण १२ सागरी मैलांच्या आतलं खनिजही २९७ खाली केंद्राचंच.

गंमत अशी की राज्याचा हात तिथपर्यंत पोचतच नाही असं नाही. कामगार जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज बुडून सत्तरहून जास्त माणसं गेली, तेव्हा गुन्हा नोंदवला मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. त्यात मासेमारी करता येत नाही आणि तो नियम मोडणारा बहुतेक वेळा इथलाच कोळी असतो. म्हणजे पंचनामा राज्याने करायचा, नुकसान किनाऱ्याने सोसायचं आणि खंड दिल्लीने घ्यायचा. तक्रारीत दम आहे, पण तो नैतिक दम आहे. न्यायालयात तो टिकत नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. तेव्हा मला बऱ्याच जणांनी विचारलं, आता मुंबई हायचा मार्ग मोकळा झाला का? नाही झाला. तो खटला कोळसा-लोखंडासारख्या खनिजांच्या १९५७ च्या कायद्यावरचा होता आणि त्या कायद्यात खनिज तेल येतच नाही. तेलक्षेत्रांचं नियमन केंद्र सूचीतल्या ५३ व्या नोंदीत आहे. त्या निकालावरून जमिनीवरच्या तेलाबाबत आसाम किंवा गुजरात काही युक्तिवाद करू पाहतील, तो त्यांचा प्रश्न. पण जे खनिज राज्याच्या हद्दीतच नाही, त्याच्या हक्कावर राज्य कर कसा लावणार?

आता मोजणीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण राज्यं नाडली जातात ती इथेच.

रॉयल्टीचा कायदा १९४८ चा, तेलक्षेत्रे (नियमन व विकास) अधिनियम. त्याच्या कलम ६अ नुसार दर केंद्र ठरवतं. तेलक्षेत्रावरच्या किंवा विहिरीच्या तोंडाशी असलेल्या विक्री-किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त दर लावता येत नाही. म्हणजे मालक राज्य असलं तरी खंड किती, हे मालकाने ठरवायचं नाही. ओएनजीसी किंवा ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना नामनिर्देशनाने, म्हणजे लिलावाशिवाय थेट, मिळालेल्या जमिनीवरच्या जुन्या क्षेत्रांत कच्च्या तेलाचा दर २० टक्के आहे. १९९० च्या दशकाअखेर आलेल्या लिलाव धोरणात जमिनीवर साडेबारा टक्के, उथळ समुद्रात १० आणि खोल समुद्रात पहिली सात वर्षं ५ टक्के असे दर आले. २०१६ च्या नव्या धोरणाने उथळ समुद्राचा दर साडेसातवर आणला. खोल समुद्रात पहिली सात वर्षं रॉयल्टीच नाही, नंतर ५ टक्के. अतिखोल समुद्रात सात वर्षांनंतरही फक्त २. खोल समुद्रात एकेक विहीर खोदायला प्रचंड खर्च येतो आणि ती कोरडी निघाली तर सगळा पाण्यात. तिथे उत्पन्नाच्या पहिल्या थेंबापासून खंड मागितला तर कुणी बोली लावणार नाही, असा सरकारचा हिशेब. तो मला पटतो. नॉर्वे आणि ब्रिटन यांनी रॉयल्टी टप्प्याटप्प्याने बंदच केली आणि नफ्यावरच्या जबर करावर भर दिला. म्हाताऱ्या क्षेत्रात खर्च वाढत जातो, तरी रॉयल्टी पूर्ण किमतीवरच द्यावी लागते आणि तेल शिल्लक असताना विहीर बंद करण्याची पाळी येते, हे त्यांनी वेळीच ओळखलं.

पण टक्का कशाचा? 'विहिरीच्या तोंडाशी किंमत' अशी पाटी लावून तेल कुठे विकलं जात नाही. तेल विकलं जातं शुद्धीकरण कारखान्याच्या दारात. तिथल्या किमतीतून वाहतूक, पाणी-वायू वेगळा करण्याचा खर्च, साठवण वगैरे वजा करत मागे जायचं आणि विहिरीपाशी पोचायचं. वजावटीचा प्रत्येक रुपया मान्य झाला की २० टक्के दराच्या राज्याचे वीस पैसे गेले. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला क्षेत्राचं तेल मेणचट आहे, थंड झालं की गोठतं. म्हणून ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत तापवलेल्या नळातून न्यावं लागतं. अशा ठिकाणी कोणता खर्च विहिरीनंतरचा धरायचा आणि कोणता विहिरीचाच, हा वाद फाइली भरून चालू शकतो.

दुसरी मेख म्हणजे किमतीत रॉयल्टी धरलेली आहे की नाही. समजा विहिरीपाशी एका पिंपाची किंमत ९० डॉलर निघाली. त्यावर सरळ २० टक्के लावले तर १८ डॉलर. पण या ९० मध्ये रॉयल्टी आधीच मिसळलेली आहे असं मानलं, तर मूळ किंमत ७५ आणि रॉयल्टी १५. दर तोच, पिंपामागे तीन डॉलरचा फरक. वर्तमानपत्रात दोन्ही वेळा '२० टक्के'च छापून येणार.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी मेख: किंमतच कुणीतरी खाली दाबली तर? पेट्रोल-डिझेल-गॅस स्वस्त ठेवण्यासाठी केंद्राने २००३-०४ पासून ओएनजीसीसारख्या उत्पादक कंपन्यांना, पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या तेल विपणन कंपन्यांना कच्च्या तेलाच्या किमतीत सूट द्यायला लावलं. २०१२-१३ च्या सुमारास ही सूट पिंपाला ५६ डॉलरपर्यंत गेली होती. बाजारभाव १०५ डॉलर धरला तर कंपनीच्या हातात ४९ पडत होते. २० टक्के रॉयल्टी १०५ वर धरली तर २१ डॉलर, ४९ वर धरली तर दहालाही थोडी कमीच. कंपनी म्हणे, जो पैसा मला मिळालाच नाही त्यावर खंड कसा देऊ? राज्य म्हणे, गॅस सिलिंडर स्वस्त करायचा निर्णय दिल्लीचा, माझ्या खिशातून का? गुजरात न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सूट देण्याआधीच्या किमतीवर रॉयल्टी द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ पासून तशी रॉयल्टी भरण्याचा अंतरिम आदेश दिला. आसामचंही दुखणं हेच होतं. मला विचाराल तर राज्यांची बाजू बरोबर होती. अनुदान देणाऱ्याने ते स्वतःच्या तिजोरीतून द्यावं.

वायूबाबत हाच खेळ आजही चालू आहे, फक्त त्यावर कुणी बोलत नाही. जमिनीवरच्या वायूवर रॉयल्टी १० टक्के. पण जुन्या क्षेत्रांच्या वायूची किंमत केंद्राने एप्रिल २०२३ पासून भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के अशी बांधली आणि वर दहा लाख बीटीयूमागे (वायू मोजायचं उष्णतेचं एकक) कमाल मर्यादा घातली, ती पहिली दोन वर्षं साडेसहा डॉलर होती. तेल पिंपाला ८० डॉलर असेल तर सूत्राने वायू ८ डॉलर व्हायला हवा, पण त्या दोन वर्षांत दर अडला साडेसहावर. घरच्या नळाच्या गॅसला आणि सीएनजीला याचा फायदा होतो, मुंबई-पुण्याच्या रिक्षावाल्यालाही होतो. त्याची किंमत थोडी त्रिपुरा आणि आसामच्या रॉयल्टीतून जाते. टक्क्याला कुणी हात लावलेला नसतो.

राजस्थानचा किस्सा निराळा आहे, तो रॉयल्टी कुणी भरायची याचा. बाडमेरच्या क्षेत्रात ओएनजीसीचा वाटा ३० टक्के आणि केर्न या खासगी कंपनीचा ७०. पण करार जुना होता आणि परवानाधारक ओएनजीसी, त्यामुळे शंभर टक्के तेलाची रॉयल्टी ओएनजीसीनेच भरायची. २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, तेलाचे भाव चढे होते आणि ३० टक्के मालकाला १०० टक्क्यांचा खंड भरताना घाम फुटला. वेदांताने केर्न इंडिया विकत घ्यायचं ठरवल्यावर केंद्राला संधी मिळाली. जून २०११ मध्ये मंत्रिमंडळाने अट घातली की रॉयल्टी प्रकल्पाच्या खर्चात धरून वसूल करायची, म्हणजे तिचा भार सगळ्या भागीदारांवर पडेल. राजस्थानला मिळणारा पैसा यात बदलला नाही. पण वसूल होणारा खर्च वाढला की नफा कमी होतो, आणि त्या नफ्यात केंद्राचाही हिस्सा असतो. त्यामुळे राज्याच्या रॉयल्टीतला काही भाग केंद्राच्याच ताटातून आला. सवलत असो वा वाढ, ती शेवटी कुणाच्या पानातून जाते हे पाहिल्याशिवाय तेल धोरणावर मत बनवू नये.

मुंबई हायच्या पैशाबद्दल आणखी एक गैरसमज ऐकू येतो: केंद्राला मिळालेला पैसा वित्त आयोगामार्फत फिरून राज्यांकडे येतोच की. येत नाही. वित्त आयोगाच्या सूत्राने वाटले जातात ते कर. रॉयल्टी हा करेतर महसूल, म्हणून तो वाटपाच्या बाहेर. १९७४ च्या कायद्याने लावलेला तेल उपकर २०१६ पासून किमतीच्या २० टक्के आहे. तो उपकर असल्याने तोही बाहेर. जुलै २०२२ मध्ये तेल भडकल्यावर लावलेला विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काचा भार सुरुवातीला टनाला २३,२५० रुपये होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो काढला, तोही राज्यांत वाटला गेला नाही. समुद्रातल्या तेलावरचे हे तिन्ही प्रवाह केंद्रातच थांबतात. ज्यांचं तेल जमिनीवर आहे त्या राज्यांनाही उपकराचा वाटा मिळत नाही. म्हणून केंद्राला वाढ करायची झाली की ती रॉयल्टीत होण्याऐवजी उपकरात का होते, हे वेगळं सांगायला नको.

मग महाराष्ट्राला काहीच मिळालं नाही का? माहुलचे दोन शुद्धीकरण कारखाने, तुर्भे आणि उरणभोवतीचा उद्योग, त्यातून नोकऱ्या, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट. मुंबई महापालिका २०१७ पर्यंत कच्च्या तेलावर जकात घेत होती आणि ती तिची मोठी मिळकत होती. पण हे पैसे ग्राहकाच्या किंवा कारखान्याच्या खिशातले. तेल आखातातून आलं असतं तरी ते मिळालेच असते. विहिरीवरचा हक्क म्हणून जे मिळतं ते हे नव्हे.

बाहेरच्या जगात हाच वाद झाला आहे आणि दोन ठिकाणचा शेवट आपल्या कामाचा आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर हायबर्निया क्षेत्र सापडलं. प्रांताने हक्क सांगितला. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, मालक संघराज्यच. पुढच्याच वर्षी केंद्राने आणि प्रांताने अटलांटिक करार केला: मालकीचा वाद बाजूला, पण तेल जणू प्रांताच्या जमिनीवर आहे असं समजून रॉयल्टी प्रांताने घ्यावी. नायजेरियात घटनेनुसार किमान १३ टक्के तेल-महसूल उत्पादक राज्यांना जातो. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांची हद्द ओहोटीच्या रेषेशी संपते असं ठरवलं आणि समुद्रातलं तेल हिशेबातून गेलं. २००४ मध्ये कायदा करून २०० मीटर खोलीपर्यंतचं तेल लगतच्या राज्याचं धरायचं ठरलं. दोन्हीकडे न्यायालयात हरलेला पक्ष संसदेत जिंकला. (२०० मीटरची कसोटी आपल्याकडे लावली तर मुंबई हाय सहज आत येतं. पण हे दिल्लीत मोठ्याने बोलायची सोय नाही.)

आपल्याकडे कॅनडासारखं होईल असं मला वाटत नाही. सगळी रॉयल्टी महाराष्ट्राला द्या म्हटलं की आंध्र कृष्णा-गोदावरीच्या वायूसाठी उभा राहणार, त्याची मागणी जुनीच आहे. आणि बिहार-झारखंड विचारणार, समुद्र फक्त किनाऱ्यावरच्यांचा आहे का? त्यांचंही चूक नाही. आसामने 'तेज दिम, तेल निदिओ', म्हणजे रक्त देऊ, तेल देणार नाही, म्हणत आंदोलनाच्या काळात तेल अडवलं होतं. त्या दबावाच्या मागे खनिज त्यांच्या पायाखाली असण्याचं बळ होतं. आपलं तेल १६० किलोमीटर दूर आहे.

मागायचीच असेल तर मी जिल्ह्यांसाठी निधी मागेन. चंद्रपूरला कोळशाची रॉयल्टी राज्यामार्फत मिळते, शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रॉयल्टीच्या प्रमाणात वेगळा पैसा जमा होतो आणि तो खाणबाधित गावांवर खर्च करायचा असतो. खनिज तेल त्या कायद्याबाहेर असल्यामुळे उरणला किंवा आसामातल्या तेलगावांना तसं प्रतिष्ठान नाही. समुद्रातल्या तेलावर केंद्राला मिळणाऱ्या रॉयल्टीचा छोटा हिस्सा, जिथे नळ किनाऱ्याला लागतो त्या जिल्ह्यांच्या निधीत टाकायचा, तर घटनादुरुस्ती लागत नाही, १९४८ च्या कायद्यात एक कलम पुरतं. २०२५ मध्ये त्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, व्याख्या रुंदावल्या, शिक्षा बदलल्या. तेव्हा किनारी जिल्ह्यांसाठी असं कलम घातलं गेलं नाही.

तुमच्या ग्रामसभेने किंवा मच्छीमार संस्थेने निवेदन द्यायचं ठरवलं तर मसुद्यात तीन गोष्टी नीट लिहा. हिस्सा सूट देण्याआधीच्या किमतीवर मोजावा. वजावटींची यादी कायद्याच्या अनुसूचीत असावी, अधिकाऱ्याच्या परिपत्रकात नको. आणि तो नामनिर्देशनाने दिलेल्या जुन्या क्षेत्रांनाही लागू व्हावा. 'यापुढील करारांना लागू' असे शब्द आले तर मुंबई हाय आणि वसईचं समुद्रातलं वायूक्षेत्र दोन्ही बाहेर पडतील आणि निधीत वर्षानुवर्षं काही जमा होणार नाही.